कठडा घासला तर बिघडलं काय?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ९२ वर्षांचे एक गृहस्थ डोक्याला हेल्मेट बांधून स्केटबोर्डवर चढले. तोल जाऊ नये म्हणून आजूबाजूच्यांनी त्यांना धरलं होतं. ते थोडंसं अंतर पुढे सरकले आणि उतरले. तेवढ्यात त्यांनी शहराचा नियम मोडला होता, आणि तो मोडायलाच ते आले होते. त्यांचं नाव एडमंड बेकन. १९४९ ते १९७० अशी एकवीस वर्षं ते या शहराच्या नियोजन आयोगाचे कार्यकारी संचालक होते. ज्या चौकात त्यांनी नियम मोडला, त्या जेएफके प्लाझाची मूळ कल्पनाही त्यांच्याच विद्यार्थिदशेतल्या प्रबंधातली. तिथे स्केटबोर्डिंगला बंदी होती. चौक ज्याच्या डोक्यातून निघाला त्यालाच ती बंदी खुळचट वाटत होती.

हा चौक १९६५ साली झाला. खाली वाहनतळ, वर ग्रॅनाइटची फरशी, रुंद पायऱ्या, बसायला दगडी कठडे आणि मधे कारंजं. १९७६ मध्ये रॉबर्ट इंडियाना यांचं 'लव्ह' हे शिल्प तिथे आलं. दोनावर दोन अशी चार इंग्रजी अक्षरं, त्यातलं 'ओ' कलंडलेलं. तेव्हापासून लोक चौकालाच लव्ह पार्क म्हणू लागले. या शिल्पाची आणखी एक गंमत आहे. इंडियानांनी आपल्या या रचनेचे हक्क वेळेवर राखून ठेवले नाहीत, त्यामुळे ती अक्षरं कप, किल्ल्यांचे जुडगे, टी-शर्ट, उशा असल्या हजार वस्तूंवर छापली गेली आणि त्यातलं फारसं काही त्यांच्या पदरात पडलं नाही. दुकानातल्या फुटकळ वस्तूंवर इतकं झळकलेलं दुसरं सार्वजनिक शिल्प शोधावंच लागेल. आणि नेमक्या त्याच शिल्पासमोर पोरं कठड्यावर बोर्ड घासतात म्हणून पोलीस त्यांना पळवून लावत होते.

विसंगती एवढ्यावर थांबत नाही. २००१ आणि २००२ अशी लागोपाठ दोन वर्षं एक्स गेम्स ही स्केटबोर्डिंगसारख्या साहसी खेळांची मोठी स्पर्धा फिलाडेल्फियातच झाली आणि शहराने ती मिरवली. २००० साली निघालेल्या एका गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये हे शहर एक अख्खा टप्पा म्हणून होतं. म्हणजे घरात बसून, बोटांनी, पडद्यावर या शहरात स्केटिंग करायला जगभरच्या मुलांना मोकळीक होती. बोर्ड घेऊन प्रत्यक्ष चौकात जाणाऱ्याला मात्र दंड.

स्केटबोर्डिंगकडे बघण्याचा जगाचा दुटप्पीपणा या एका चौकात पुरता दिसतो. वस्तू म्हणून ते सगळ्यांना हवं असतं. टी-शर्टवर, भिंतीवर, लिलावात, खेळण्यांच्या दुकानात, संग्रहालयाच्या काचेआड ते चालतं. रस्त्यावर, ज्या दगडामुळे हे सगळं जन्मलं त्या दगडावर, ते नको असतं. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं: नुकसान होतं. या 'नुकसान' शब्दाचीच जरा झाडाझडती घ्यायला हवी.

आपल्याकडे पाट्या-वरवंट्याचं घर होतं तेव्हाची गोष्ट आठवा. रोजच्या वाटण्याने पाटा गुळगुळीत व्हायचा, मिरची नुसती सरकायची, वाटली जायची नाही. मग गल्लीत 'टाकीऽऽ' अशी आरोळी आली की पाटा बाहेर काढायचा आणि टाकी लावून घ्यायची. वरवंट्याने पाट्याचं नुकसान केलं असं कुणी म्हणत नसे. झिजण्यासाठीच तो घरात आणलेला, आणि त्याची डागडुजी घरखर्चात धरलेली. तोडफोड निराळी आणि झीज निराळी. तोडफोडीला गुन्हेगार असतो, झिजेला अंदाजपत्रक लागतं. स्केटबोर्डखाली घासलेल्या कठड्याला बहुतेक शहरं पहिल्या खात्यात टाकतात. माझ्या मते तो दुसऱ्या खात्यातला आहे.

पण म्हणजे कठड्याचं काही होतच नाही असं नाही. काय होतं ते नीट पाहू, कारण या विषयावर बोलणाऱ्या दोन्ही बाजू बहुधा तेच पाहत नाहीत.

स्केटबोर्डची फळी, म्हणजे डेक, साधारण ३१ ते ३२ इंच लांब आणि ८ ते साडेआठ इंच रुंद असते. हार्ड मेपलचे सात पातळ थर डिंक लावून दाबयंत्रात एकत्र दाबलेले. बहुतेक थरांचे रेषे लांबीच्या दिशेने, एखाद-दोनांचे आडवे, म्हणून फळी लवचीकही राहते आणि उभी चिरतही नाही. खाली ॲल्युमिनियमचे दोन ट्रक, म्हणजे चाकांचे आस धरणारे सांगाडे, त्यांना चार चाकं. चाकं ५२ ते ५४ मिलिमीटर व्यासाची, युरेथेन या कडक, रबरासारख्या प्लॅस्टिकची. चाकातलं बेअरिंग ६०८ आकाराचं: आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. छोट्या मोटरी दुरुस्त करणाऱ्याच्या डब्यातही हाच आकार सापडतो. स्केटर उडी मारून कठड्याच्या कडेवर उतरतो, तेव्हा एकतर ट्रकची दांडी कडेवरून घासत जाते, तो ग्राइंड, नाहीतर फळीचं पोट घासत जातं, तो स्लाइड. फळी आणि ट्रकचं धातूही दगडापेक्षा मऊ. त्यामुळे चांगल्या ग्रॅनाइटच्या कडेवर बहुतांशी झिजतो तो ट्रक. दगडावर उरतो तो ॲल्युमिनियमचा करडा पट्टा आणि त्यावर चोळलेलं मेण.

कडेवर बोर्ड सरकावा म्हणून स्केटर मेणबत्ती घासतात. कॅरमवर बोरिक पावडर टाकतो त्याच हेतूने. पण पावडर फुंकर मारली की उडते. मेण धूळ धरून ठेवतं, चार महिन्यांत कड काळीकुट्ट होते. स्केटिंगबद्दलच्या दर दहा तक्रारींतल्या बऱ्याचशा खरं तर या काळ्या पट्ट्याबद्दल असतात. आणि एक तक्रार पूर्ण रास्त असते: पायरीच्या वरच्या बाजूला मेण लागलं की पावसात माणूस घसरतो. उपाय अवघड नाही. गरम पाणी, पसरट खरवडणी, मग साबणाने ब्रश. पण ते महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी करावं लागतं, आणि 'कुणीतरी' या पदावर कुठल्याच महापालिकेत नेमणूक झालेली नसते.

कड खरोखर तुटते ती काँक्रीटची. साच्यातून काढलेल्या काँक्रीटच्या काटकोनी कडेत खडी कमी आणि सिमेंटचा लगदा जास्त असतो. पहिल्याच आठवड्यात ट्रकच्या आघाताने तिथून टवके उडतात, आत पाणी शिरतं, वर्षभरात कड दातपडकी होते. हा दोष बोर्डचा जेवढा, तेवढाच कड उघडी ठेवणाऱ्याचा. त्या कडेत ५० बाय ५० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा पोलादी कोन आधीच बसवला आणि त्याचे अँकर सळईला जोडून मग काँक्रीट ओतलं, तर ती वर्षानुवर्षं टिकते. नंतर वरून चिकटवलेला कोन मात्र टिकत नाही. पोलाद आणि काँक्रीटच्या मधे फट पडते, पावसाचं पाणी साचतं, गंजाने पोलाद फुगतं आणि कड उचलते. कडप्पा तर या कामाला घेऊच नये, तो पापुद्र्यांनी सुटतो. कोटा टिकतो, पण पॉलिश केलेला कोटा पावसाळ्यात चालणाऱ्याचाही वैरी.

यावर शहरांनी शोधलेला उपाय म्हणजे खुंट्या. कठड्याच्या कडेवर दर दोन-अडीच फुटांवर धातूचा उंचवटा ठोकायचा, म्हणजे बोर्ड सरकणार नाही. अमेरिकेत या खुंट्या बनवणाऱ्या खास कंपन्या निघाल्या. यात दगडाला भोक पडतं, भोकातून पाणी मुरतं, थंड प्रदेशात ते गोठून दगड तडकतो. स्केटर रात्री ग्राइंडर आणून खुंटी कापतात, मग उरलेला धारदार बुंधा बसणाऱ्याच्या मांडीला लागतो. कठड्याला कुणाची झळ लागू नये म्हणून त्याला शहर स्वतःच भोसकतं, आणि त्याला देखभाल म्हणतं. शिवाय त्या कठड्यावर मग म्हातारी बाईसुद्धा धड टेकू शकत नाही.

आता बाजाराकडे या, कारण झिजेचा प्रश्न तिथेही आहे, फक्त उलटा.

ऐंशीच्या दशकात डेकच्या पोटावर चित्रं छापायची पद्धत बहरली. पॉवेल पेराल्टा या बोर्ड कंपनीसाठी व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांनी काढलेल्या कवट्या, सांताक्रूझ कंपनीसाठी जिम फिलिप्स यांनी काढलेला किंकाळी फोडणारा निळा हात ही त्या काळची ठळक चित्रं. गंमत अशी की चित्र छापलेलं असतं तिथेच फळी घासली जाते. दहा स्लाइडनंतर कवटीचं नाक जातं, महिन्याभरात चित्रच जातं, दोन-तीन महिन्यांत फळी मधोमध मोडते. म्हणजे ही चित्रकला पुसली जाण्यासाठीच काढलेली. आज त्या काळचा, भोकं न पाडलेला, पाय घसरू नये म्हणून वर चिकटवतात ती खरखरीत ग्रिप टेप न लावलेला डेक संग्राहकांकडे दुर्मीळ मानला जातो. तो दुर्मीळ का? त्याच्या बाकीच्या सगळ्या भावंडांना पोरांनी घासून संपवलं म्हणून. वापरणाऱ्यांनी वापरलं, त्यामुळे न वापरलेल्याला भाव आला. संग्राहकाच्या भिंतीवरची किंमत रस्त्यावरच्या झिजेने तयार केलेली असते, ही गोष्ट या बाजारात कुणी फारशी बोलत नाही.

(जुना डेक घेणाऱ्यांनी एवढं पाहावं. जुनी छपाई स्क्रीनची, बोट फिरवलं तर रंगाच्या थराचा काठ जाणवतो. पुढे उष्णतेने चिकटवायची फिल्म आली, तिचा पृष्ठभाग एकसंध लागतो आणि कडेला पारदर्शक पापुद्रा दिसतो. त्यामुळे ऐंशीच्या दशकातला म्हणून विकायला काढलेल्या डेकवर फिल्म दिसली तर सौदा तिथेच थांबवावा. स्क्रीनची छपाई असली म्हणून डेक जुनाच असं मात्र नाही, कंपन्या जुन्या नक्षीचे डेक नव्याने काढतात तेव्हा स्क्रीनही वापरतात. आणि कोकण-मुंबईच्या हवेत डेक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि थर कडेपासून सुटू लागतात.)

जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलावगृहाने सुप्रीम कंपनीच्या वीस वर्षांतल्या सगळ्या डेकचा संच विकला. २४८ डेक, ८ लाख डॉलर. सुप्रीम १९९४ साली न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर स्केटरांचं दुकान म्हणून सुरू झाली. २०२० साली तिचा सौदा २१० कोटी डॉलरला झाला. मधे, २०१६ मध्ये, तिने एक वीट विकली. मातीची, भाजलेली, लाल, वर कंपनीचं नाव कोरलेलं. किंमत ३० डॉलर. लोकांनी ती रांगा लावून घेतली आणि दुप्पट-चौपट भावाने पुढे विकली. यावर हसणं सोपं आहे. मला मात्र त्या विटेत वेगळंच दिसतं. जगातल्या कुठल्याही स्केटरचा पहिला रॅम्प म्हणजे चार विटा आणि वर टाकलेला प्लायवुडचा तुकडा. सुप्रीमची वीट त्या कामाला उत्तम आली असती, पण ती घेणाऱ्यांतल्या एखाद्यानेही तिच्यावर प्लाय टाकला असेल असं वाटत नाही.

मग हा सगळा वस्तूंचा बाजार वाईटच का? तसं म्हणणं स्केटरांमध्ये प्रतिष्ठेचं आहे, पण ते खरं नाही. पैसा कुठे परत जातो त्यावर ते ठरतं. बेल्जियमची 'द स्केटरूम' ही कंपनी वॉरहॉल, बास्किया, आय वेवे अशा चित्रकारांची कामं डेकवर छापून विकते आणि मिळकतीतला वाटा स्केटिंगच्या सामाजिक कामांना देते. त्यांत २००७ साली काबूलमध्ये सुरू झालेली, मुलामुलींना बोर्ड आणि शाळा दोन्ही देणारी स्केटिस्तान ही संस्था आहे. त्या डेकवर कुणी पाय ठेवत नाही, पण त्यातून दुसरीकडे काँक्रीट ओतलं जातं. प्रसिद्ध स्केटर टोनी हॉकने २०२१ मध्ये एका पाणी विकणाऱ्या कंपनीसाठी स्वतःचं रक्त लाल रंगात मिसळून १०० डेक काढले, प्रत्येकी ५०० डॉलरला. चमत्कारिकपणाची हद्द! तरी त्यातला काही भाग त्याच्या स्केटपार्क बांधणाऱ्या संस्थेला गेला. मला विचाराल तर रक्ताचे डेक विटेपेक्षा शंभर पटींनी परवडले.

आणि सगळ्यांत निरागस वस्तू म्हणजे बोटांनी चालवायचा छोटा बोर्ड. १९९८ च्या सुमाराला टेक डेक या नावाने तो खेळण्यांच्या दुकानात आला, लांबी ९६ मिलिमीटर. त्याआधी स्केटर पोरं पुठ्ठा आणि खेळण्यातल्या गाडीची चाकं लावून घरी करायचीच. आता जर्मनीत पाच थरांच्या लाकडी फळीचे, खऱ्या बेअरिंगचे बोर्ड बनतात, स्पर्धा होतात, आणि एकेका बोर्डची किंमत खऱ्या डेकच्या वर जाते. भारतातही हे खेळणं मिळतं. ते हातात आलेलं पोर आठवड्याभरात स्वयंपाकाच्या ओट्याची कड, खिडकीचा संगमरवर, दाराचा उंबरा वेगळ्या नजरेने बघू लागतं. कुठली कड सरळ आहे, कुठे सांधा वर आलाय, कुठे बोर्ड अडकेल. स्केटिंगची निम्मी विद्या हीच: शहर म्हणजे पृष्ठभाग, उतार आणि कडा यांची यादी. खेळण्यातून ती नजर येते, आणि मूल दार उघडून बाहेर येतं तर समोर पेव्हर ब्लॉक.

आपल्या शहरांचा मुख्य प्रश्न बंदी नाहीच. बंदी घालावी एवढे स्केटर अजून आहेतच कुठे? प्रश्न पेव्हर ब्लॉकचा आहे. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पदपथ आणि चौक याच ठोकळ्यांनी भरलेत. प्रत्येक ठोकळ्याची कड तासलेली, म्हणजे दर वीसेक सेंटिमीटरला एक खाच. ५२ मिलिमीटरच्या चाकाला नुसती १० मिलिमीटरची फट फारशी जाणवत नाही, चाक त्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतं. पण एक ठोकळा शेजारच्यापेक्षा पाच मिलिमीटर वर आला की चाक थबकतं, आणि बोर्ड थांबला तरी स्वार पुढेच जातो. खालची वाळू नीट न दाबल्यामुळे पहिल्या पावसाळ्यानंतर असे ठोकळे पावलोपावली वर येतात. स्केटिंगच्या आवाजाची तक्रारही इथूनच येते. कडक चाक खाचांवरून गेलं की खडखडाट होतो; घोटून केलेल्या अखंड काँक्रीटवर तेच चाक नुसतं गुंजतं. शेजाऱ्यांना शांतता हवी असेल तर पोरं हाकलण्याआधी फरशी बदलून पाहावी. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईला त्या फरशीचा फायदा स्केटरापेक्षा जास्तच आहे.

भारतात स्केटपार्क झालेत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ साली झाला. तिथला नियम, आधी शाळा मगच बोर्ड, आणि मुलींना पहिला नंबर. राजस्थानात उदयपूरजवळ खेमपूर गावात एका चित्रपटासाठी बांधलेला पार्क चित्रीकरणानंतर पाडला नाही, गावातल्या मुलांसाठी ठेवला. मुंबईत वांद्र्याला कार्टर रोडवर समुद्राकाठी आहे. चांगलंच आहे. पण स्केटपार्क बांधला की महापालिकेला वाटतं प्रश्न सुटला, आता इतरत्र खुंट्या ठोकायला मोकळे. फिलाडेल्फियानेही २०१३ मध्ये नदीकाठी स्वतंत्र पार्क दिला. पार्क हवाच, नवशिक्यांना तर हवाच. पण रस्त्यावरचं स्केटिंग ही जागा शोधण्याची कला आहे, आणि कुंपणातली जागा आधीच कुणीतरी शोधून दिलेली असते. शिवाय आपल्याकडे पहिला प्रस्ताव येतो तो खोल वाडग्याचा, म्हणजे स्केटिंगसाठीच्या काँक्रीटच्या खोलगट खड्ड्याचा, कारण तो उद्घाटनाच्या छायाचित्रात भारी दिसतो. वाडग्यातला निचरा पानांनी तुंबला की जून ते सप्टेंबर तिथे डासांची पैदास. त्याच पैशात शहरभर वीस साधे कठडे होतात.

इथे सार्वजनिक कलेचा मुद्दा येतो. दक्षिण कोरियात जन्मलेल्या कलावंत कू जाँग आ यांनी २०१२ मध्ये फ्रान्समधल्या वासिव्हिएर बेटावर अंधारात हिरवट चकाकणारं एक शिल्प केलं, ज्यावर स्केटिंग करता येतं. २०१५ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन पार्कात तशाच जातीचं दुसरं. ते स्केटपार्क आहे की शिल्प, असा वाद घालता येतो. तिथल्या पोरांना त्याची गरज वाटत नाही. फ्रेंच कलावंत राफाएल झार्का यांनी तर आधुनिक शिल्पांवर स्केटिंग करणाऱ्यांची छायाचित्रं वर्षानुवर्षं जमवली आणि त्यातून दाखवलं की अमूर्त शिल्पाच्या वळणाकडे, उताराकडे, वजनाकडे इतकं बारकाईने बघणारा प्रेक्षक गॅलरीत क्वचितच मिळतो. मला हे पटतं. चौकातल्या पोलादी शिल्पाजवळून रोज हजार माणसं जातात, त्याचा उतार किती अंशांचा आहे ते सांगू शकणारा बहुधा एकच असतो, आणि त्याच्या हातात बोर्ड असतो.

पण इथे मी स्केटरांच्याही विरोधात जाईन. जे शिल्प या कामासाठी केलेलं नाही, त्यावर चढू नये. भारतात कलावंताला आपल्या कृतीच्या अखंडतेचा हक्क आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं आणि त्याची हेळसांड केली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, ५ लाख रुपये भरपाई देवविली आणि शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले. म्हणजे सरकारनेसुद्धा वाटेल तसं वागायचं नाही, मग इतरांनी काय? महाराष्ट्रात तर पुतळ्याचा चबुतरा हा विषयच संपला. तिथली कड कितीही सरळ असो, तिच्याकडे पाहू नये, आणि यात हक्काचा मुद्दा काढणाऱ्याला हे राज्य कळलेलं नाही. अंधांसाठीच्या उठावदार पिवळ्या फरश्यांचा पट्टाही तसाच वर्ज्य.

म्हणून घासण्याची परवानगी काम देतानाच, करारात लिहून घ्यावी. कलावंताने मान्य करावं की या कृतीचा अमुक भाग बोर्डसाठी आहे आणि त्यावरचे पट्टे हा तिचाच भाग. मग माल ठरतो. पावडर कोटिंग नको, पहिल्याच दिवशी सोलून निघतं. गंजाचा थर अंगावर मिरवणारं कॉर्टेन पोलाद छायाचित्रात सुंदर, पण आपल्या पावसात त्याचे तांबडे ओघळ फरशीवर उतरतात आणि बसणाऱ्याच्या विजारीला लागतात. जस्त चढवलेलं पोलाद किंवा अखंड ग्रॅनाइट बरं. बसण्याची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर असते, आणि सरावलेल्या स्केटरालाही तीच चालते. नवख्यांसाठी शेजारी ३० चा एक तुकडा ठेवावा. लांबी किमान अडीच-तीन मीटर. कडेला ३ मिलिमीटरचाच गोलावा. गोलावा वाढला की ट्रक निसटतो, अगदी धारदार ठेवली तर बसणाऱ्याला बोचते. कठड्याआधी आठ-दहा मीटर मोकळी धाव आणि पुढे सहा मीटर उतरायला, आणि ही रेघ बसथांब्याच्या किंवा दुकानाच्या दाराच्या वाटेवर येता कामा नये. अपघात होतात ते बहुधा इथे, स्वार पडून सुटलेला बोर्ड जाणाऱ्या-येणाऱ्याच्या घोट्यावर आदळतो तेव्हा. कठड्याची दिशा बदलून सुटलेला बोर्ड हिरवळीकडे वळवला की निम्मा प्रश्न मिटतो. जमिनीला एक ते दीड टक्का उतार पुरे. त्याहून कमी तर पाणी साचतं, जास्त तर थांबवलेला बोर्ड आपला आपण निघतो.

लोकांची मागणी किती जोरकस असू शकते हे लंडनने पाहिलं. साउथ बँकवर क्वीन एलिझाबेथ हॉल या संगीतगृहाच्या पोटात, खांबांमधल्या रिकाम्या जागेत, १९७३ पासून स्केटिंग चालतं. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढून स्केटरांना जवळच्या पुलाखाली हलवायचा बेत झाला. नवी जागा बांधून देऊ, असं आश्वासनही होतं. त्यांनी ते नाकारलं, दीड लाखाच्या आसपास पाठीराखे मिळवले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जागा कायम राखण्याचा लेखी करार झाला. २०१९ मध्ये बंद पडलेला भागही दुरुस्त होऊन खुला झाला. नवी जागा जुन्यापेक्षा कदाचित सोयीची झाली असती. पण चाळीस वर्षं घासलेला उतार बांधून मिळत नाही.

लव्ह पार्कला तसं नशीब लाभलं नाही. २००४ मध्ये डीसी या बूट बनवणाऱ्या कंपनीने शहराला दहा लाख डॉलर देऊ केले, दहा वर्षांत मिळून, म्हणजे वर्षाला एक लाख, चौकाच्या देखभालीसाठी. अट एकच, स्केटिंग चालू द्या. शहराने पैसे नाकारले. पंधरा वर्षांनी २४८ न वापरलेल्या डेकना जेवढे मिळाले, त्याहून ही रक्कम मोठी होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये चौक पाडायची वेळ आली तेव्हा महापौरांनी काही दिवसांपुरती बंदी उठवली. बर्फाळ थंडीत जुने-नवे स्केटर आले, घासून घेतलं, आणि मग यंत्रं आली.

दगड मात्र सगळे मोडीत गेले नाहीत. त्यांतले काही अटलांटिक ओलांडून स्वीडनच्या माल्मो शहरात पोचले. या शहराने स्केटबोर्डिंगसाठी महापालिकेत स्वतंत्र समन्वयक नेमलेला आहे. फिलाडेल्फियाच्या ग्रॅनाइटचे कठडे आता तिथे एका सार्वजनिक जागेत बसवलेत, आणि पोरं त्यांच्या कडेला मेण चोळतात.